पाय बधिर, तरी आग कशी?

मधुमेह जुना झालेल्या माणसाचा पाय हे घरातलं रोजचं कोडं असतं. चालता चालता चप्पल निसटून मागे राहते आणि मागून येणारा सांगतो तेव्हा पत्ता लागतो. काच रुतली तर फरशीवर रक्ताचे ठसे उमटल्यावर शोधाशोध होते. रात्री अंथरुणावर पडलं की मात्र तोच पाय पेटतो. चादर घोट्याला लागली तरी माणूस पाय झटकतो. काच कळत नाही आणि चादर सोसवत नाही, हे एकाच पायात कसं घडतं?

याच कोड्याचा अवघड नमुना दुचाकीच्या अपघातात दिसतो. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे ज्यांनी चुकवलेत त्यांना वेगळं सांगायला नको. गाडी घसरते, माणूस खांद्यावर आपटतो, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला जातो. मानेतून हाताकडे जाणारी मज्जातंतूंची मुळं या हिसक्याने कधी कधी मज्जारज्जूतून उपटूनच निघतात. हात लुळा पडतो, टाचणी टोचली तरी समजत नाही. पण त्याच हातात जाळ होतो, करंट मारल्यासारखे झटके येतात, आणि हे वर्षानुवर्षं चालतं.

असा रुग्ण चिडून विचारतो, ऑपरेशननंतर ज्या इंजेक्शनने पाच मिनिटांत झोप लागली होती, ते आता लागू का पडत नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञांच्या हाती जे लागलं, ते दुखण्यावर सुई टोचून घेणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावं असं आहे.

कळ आधी, ठणका मागून

अंधारात पायाचं बोट उंबऱ्यावर आपटलं की आधी तीक्ष्ण कळ जाते. तोंडातून ‘आई गं’ निघतं, पाय उचलला जातो, आणि सेकंदभराने जड, पसरट ठणका येतो. ही दोन दुखणी दोन वेगळ्या तंतूंमधून येतात. पहिल्या जातीच्या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टन असतं. ते निरोप सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने नेतात. दुसरे तंतू अगदी बारीक आणि उघडे असतात. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे जेमतेम पायी चालणाऱ्याइतका. बोटापासून कण्यापर्यंतचं अंतर मीटरभर. ठणक्याला उशीर का होतो, हे आता सांगायला नको.

या तंतूंच्या टोकांवर उष्णता, दाब, रसायनं ओळखणारे रेणू बसलेले असतात. 1997 साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने त्यांतला एक शोधला, तो मिरचीच्या मदतीने. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रेणूला चेतवतं, तोच रेणू 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनेही चेततो. ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘भाजतं’ ते यामुळे. मज्जातंतूंच्या लेखी दोन्ही एकच. ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं.

इथवर जे झालं तो फक्त निरोप. त्याचं दुखणं मेंदूत होतं, आणि प्रत्येक निरोपाचं होतंच असं नाही. ऊस तोडताना कोयता बोटाला चाटून गेला तरी मोळी बांधून होईपर्यंत पुष्कळांना कळत नाही. निरोप निघालेला असतो. तो वाटेत अडवला जातो.

पाटावरचं दार

कुठे अडवला जातो, याची पहिली पटण्याजोगी मांडणी 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी केली. कॅनडात काम करणारा मानसशास्त्रज्ञ आणि ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञ अशी ती जोडी. त्यांचं म्हणणं असं की मज्जारज्जूच्या मागच्या भागात, जिथे शरीराकडून येणारे तंतू संपतात आणि मेंदूकडे जाणारे पेशीतंतू सुरू होतात, तिथे एक दार आहे.

प्रवरेच्या किंवा मुळेच्या पाटावर ज्यांची शेती आहे त्यांना हे चटकन उमगेल. पाय म्हणजे धरण, मज्जातंतू म्हणजे पाट आणि मेंदू म्हणजे टेलला असलेलं रान, असं धरा. मधे, कण्यात, चारीचं दार आहे आणि तिथे पाटकरी बसलाय. धरणातून किती पाणी सुटलं यावर रान किती भिजेल हे ठरत नाही. दार किती उघडं आहे यावर ठरतं. लागलेली जागा आपण चोळतो, तेव्हा स्पर्शाचे जाड तंतू पाटकऱ्याला दार खाली घ्यायला लावतात. शिवाय रानातूनही उलटा निरोप येतो: सध्या दुसरं काम आहे, पाणी नको. ऊसतोड करणाऱ्याच्या बोटाचं तेच झालेलं असतं.

मूळ मांडणीतले बरेच तपशील पुढे चुकीचे ठरले. दार आहे, आणि ते वरून-खालून दोन्हीकडून हलवता येतं, हे मात्र टिकलं.

अफूचा अर्क काय करतो

1805 च्या आसपास जर्मनीत एका औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या विशीतल्या फ्रीडरिश झेर्ट्यूर्नरने अफूतून तिचं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. तेच मॉर्फिन. ते शरीरात नेमकं कुठे काम करतं, हे कळायला त्यानंतर पावणेदोनशे वर्षांच्या जवळपास लागली. 1973 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं की मज्जापेशींवर मॉर्फिन धरून ठेवणाऱ्या जागा असतात. या जागांना ग्राही म्हणतात. आता खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूने जागा राखून का ठेवावी? उत्तर दोन वर्षांत मिळालं. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन नावाची द्रव्यं काढली. शरीर स्वतःच अशी वेदनाशामकं तयार करतं आणि ग्राही मुळात त्यांच्यासाठी आहेत. अफू तिथे आयती घुसते.

या ग्राहींवर काम करणाऱ्या सगळ्या औषधांना ओपिऑइड म्हणतात. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल ही त्यांतली. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन त्यांतली नव्हेत. ती दुखऱ्या जागी सूज आणणारी रसायनं कमी करतात, म्हणजे धरणाचा विसर्गच घटवतात.

ओपिऑइड दारावर दोन्ही बाजूंनी काम करतं. अलीकडे, तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे निरोप पुढे सोपवणारं रसायन बाहेर पडत नाही. पलीकडे, पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडतं, त्यामुळे ती पेशी सुस्त होते. हाड मोडलंय, पोटाचं ऑपरेशन झालंय, कर्करोगाची गाठ आतून दाबतेय, तिथे याला तोड नाही. पण हेच ग्राही आतड्यात आहेत म्हणून बद्धकोष्ठ होतो, श्वास चालवणाऱ्या केंद्रात आहेत म्हणून जास्त मात्रेत श्वास थांबतो, आणि सुखावणाऱ्या केंद्रावर परिणाम करतात म्हणून चटक लागते.

पाटच फुटला तर

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टीत पाट शाबूत होता. मधुमेहाने, अपघाताने, सरकलेल्या चकतीने किंवा नागिणीने मज्जातंतूच जखमी होतो, तेव्हा सगळं गणित बदलतं.

तुटलेल्या किंवा सडलेल्या तंतूच्या टोकाशी सोडियमची प्रवेशद्वारं गोळा होतात. सोडियम आत शिरलं की तंतूत निरोप उठतो. मग पायाला काही झालेलं नसताना, तंतूच्या मधूनच निरोप सुटायला लागतात. धरण कोरडं, पण पाटाच्या कुशीतूनच पाणी उपळतंय. मेंदूला ते कुठून आलं हे कळायला मार्ग नाही. तो ते पायाच्याच नावावर मांडतो. काच न कळणं आणि आग होणं एकाच पायात कसं नांदतं, याचा अर्धा उलगडा इथे होतो. बाहेरचा खरा निरोप आत पोचत नाही, कारण तंतूचं टोक मेलेलं आहे. आतला खोटा निरोप मात्र रात्रंदिवस चालू.

उरलेला अर्धा उलगडा दाराशी. जखमी तंतूंवरचे ओपिऑइड ग्राही कमी होतात. दाराचं चाकच झिजलं, तर पाटकऱ्याने किती फिरवलं तरी दार पुरतं खाली येत नाही. शिवाय मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात, एरवी कचरा उचलणाऱ्या. तंतूला इजा झाली की त्या खवळतात आणि अशी द्रव्यं सोडतात की आजूबाजूच्या पेशींमधलं क्लोराइडचं प्रमाण बिघडतं. कॅनडातल्या संशोधकांनी 2003 आणि 2005 मध्ये हे उलगडलं. क्लोराइड बिघडलं की पेशींना शांत करणारे निरोप दुबळे पडतात, काही पेशींत तर उलटे पेटवायला लागतात. मग स्पर्शाचे निरोप, ज्यांनी दार लावायचं, तेच आत घुसून दुखण्याच्या वाटेला लागतात. चादर टोचते ती अशी.

आणि उपटलेल्या मुळांच्या हाताचं काय? तिथे दाराच्या अलीकडचा पाट उरलेलाच नाही. दारापलीकडच्या पेशी, आवक बंद पडल्याने बेभान होऊन, आपल्या आपण पेटत राहतात. दार लावून रान वाचत नाही, कारण पाणी दाराच्या पुढेच फुटलंय. ओपिऑइडचं निम्मं काम दाराच्या अलीकडचं. ती बाजूच नाहीशी झालेली.

सोडियमची द्वारं बंद करता आली तर? आशा वाटावी असा पुरावा 2006 मध्ये पाकिस्तानातून आला. लाहोरमध्ये रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून, हातात सुरे खुपसून खेळ दाखवणारा एक मुलगा होता. त्याला दुखणं म्हणजे काय हे जन्मापासून माहीत नव्हतं. छतावरून उडी मारून तो लहान वयातच गेला. त्याच्या नात्यातल्या आणि तशाच इतर कुटुंबांच्या तपासणीत सोडियमच्या एका द्वाराचं जनुक निकामी सापडलं. त्या द्वाराच्या भावकीतल्या दुसऱ्या द्वारावर काम करणारं सुझेट्रिजिन हे औषध जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते ओपिऑइड नाही, पण मंजुरी ताज्या दुखण्यासाठी आहे. सायटिकावर ते वापरून पाहिलं तेव्हा खऱ्या गोळीने जितकं दुखणं कमी झालं, जवळपास तितकंच खोट्या गोळीनेही झालं. जखमी तंतूचं दुखणं असं चिवट असतं.

उंदरांचा पाच दिवसांचा डोस

औषध लागू पडलं नाही तर निदान अपाय तरी होऊ नये, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात पीटर ग्रेस, लिंडा वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हा भरवसा हलवला. त्यांनी उंदरांच्या (म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या घुशीएवढ्या उंदरांच्या) मागच्या पायाच्या मुख्य मज्जातंतूभोवती सैल टाके घालून तो दाबला. दहा दिवसांनी, पाय हळवा झाल्यावर, काहींना पाच दिवस मॉर्फिन दिलं. मॉर्फिन बंद झालं तरी त्या उंदरांचा हळवेपणा, मॉर्फिन न मिळालेल्या उंदरांच्या तुलनेत, कितीतरी आठवडे जास्त टिकला. पाच दिवसांच्या औषधाने काही महिन्यांचं दुखणं वाढवलं.

कारण पुन्हा त्या राखणदार पेशी. मज्जातंतूच्या जखमेने त्या आधीच खवळलेल्या. मॉर्फिन त्यांना दुसरी इजा झाल्यासारखं वाटलं आणि त्यांनी आग भडकवणारी द्रव्यं आणखी सोडली. त्या पेशींचं ते काम औषधाने थांबवलं तेव्हा लांबलेला हळवेपणा ओसरला. हा प्रयोग उंदरांवरचा आहे. तो जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, आणि नुकत्याच अपघात झालेल्या माणसाला वेदनेत तळमळत ठेवावं असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

माणसांवरचे आकडे जरा गुंतागुंतीचे आहेत. 2015 मध्ये मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या औषधांचा जगभरचा पुरावा एकत्र तपासला गेला. तीव्र ओपिऑइडने साधारण चार-पाच जणांत एकाला बरा आराम पडला; प्रिगॅबालिनने सात-आठांत एकाला; अमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या गोळ्यांनी तीन-चारांत एकाला. म्हणजे कागदावर ओपिऑइड नापास नाही. तरी तज्ज्ञांनी त्याला तिसऱ्या फळीत बसवलं, कारण मात्रा मोठी लागते, चाचण्या थोड्या आठवड्यांच्या होत्या आणि चटक व श्वासाचा धोका कायम. पहिल्या फळीतली अमिट्रिप्टिलिन ही मुळात उदासीवरची गोळी. मेडिकलवाल्याने तसं सांगितलं की रुग्ण घरी येऊन ‘मला वेडा समजले का?’ म्हणून ती फेकून देतो. ती मेंदूतून दाराकडे येणाऱ्या उलट्या निरोपाला बळ देते, एवढं डॉक्टरांनी सांगितलं असतं तर गोळी पोटात गेली असती.

खाडा, उचल आणि गोळी

नगर जिल्ह्यात दुखण्याचा प्रश्न पोटाशी बांधलेला आहे. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि उत्तरेकडच्या बागायती तालुक्यांत ऊस पसरला. तो तोडायला माणसं येतात ती कोरडवाहू भागातून: पाथर्डी, शेवगाव, जामखेड, शेजारचा बीड. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे पैसे कापले. डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी, पायाखाली फळी, आणि ती फळी चढून ट्रकात मोळी टाकायची. कंबरेत चमक भरली तर विश्रांती हे औषध परवडणारं नाही. गोळी परवडते.

ती गोळी कधी डायक्लोफिनॅक असते, कधी ट्रॅमाडॉल. ट्रॅमाडॉल स्वस्त आणि सहज मिळणारं म्हणून देशभर इतकं खपायला लागलं की एप्रिल 2018 मध्ये केंद्राने ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. चिठ्ठीशिवाय ते मिळू नये. 2025 च्या फेब्रुवारीत टॅपेन्टाडॉल आणि एका स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची मिश्र गोळी मुंबईच्या एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जाते हे बीबीसीने उघड केलं, तेव्हा तिच्या निर्यातीवरही बंदी आली.

कंबरेला या गोळ्यांचा उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियात कंबर किंवा मान ताजी धरलेल्या 347 जणांवर चाचणी झाली, 2023 मध्ये तिचा निकाल आला. निम्म्यांना ऑक्सिकोडोन या ओपिऑइडची गोळी, निम्म्यांना खोटी. सहा आठवड्यांनी दुखण्यात फरक नव्हता. वर्षाने मात्र औषधाचा गैरवापर होण्याचा धोका ओपिऑइड घेतलेल्यांत 20 टक्के आणि खोटी गोळी घेतलेल्यांत 10 टक्के निघाला. माझ्या मते या एका निकालावर तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात चर्चा व्हायला हवी. सुई टोचली की बरं वाटतं यातला बराच भाग सुईचा नसून दिवसांचा असतो. कंबरेची साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते.

चौकट : दुखण्याची जात ओळखताना

• ठणकतं, दाबलं की दुखतं, हलवलं की वाढतं: बहुधा हाड, स्नायू किंवा सांध्याचं.
• आग, मुंग्या, करंट, बधिरपणा, कपडा लागला तरी झोंबणं: मज्जातंतूचं असू शकतं. डॉक्टरांना हेच शब्द सांगा. नुसतं ‘दुखतं’ म्हणू नका.
• कंबरदुखीसोबत लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेचा बधिरपणा, पायातली ताकद जाणं: त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.
• कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यात स्पर्श न कळणं: कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत असतात.
• ओपिऑइड रोज चालू असेल तर एकदम बंद करू नका आणि दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत घेऊ नका.

ज्यांना मॉर्फिन हवंच

एवढं वाचून मॉर्फिन वाईट असं कुणाला वाटलं तर घोटाळा होईल. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात, भाजल्यावर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्याइतकं उपयोगी औषध माणसाकडे फार थोडं आहे. आपल्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात. नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत. तरीही लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 मध्ये हिशेब केला तेव्हा भारतातल्या रुग्णांपर्यंत वैद्यकीय गरजेच्या फक्त 4 टक्के ओपिऑइड पोचत होतं. त्याच हिशेबात अमेरिकेत गरजेच्या तीसपटीहून जास्त होतं.

आपल्याकडच्या दुष्काळाचं मोठं कारण 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा. परवान्यांच्या जंजाळाला घाबरून रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. 2014 मध्ये संसदेने कायदा बदलला. 2015 च्या नियमांनुसार मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारखी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि ती ठेवायला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. पूर्वीसारखे चार-पाच परवाने गोळा करावे लागत नाहीत.

म्हणून घरात कर्करोगाचा रुग्ण रात्रभर कण्हत असेल, तर ‘सोसायलाच हवं’ म्हणून गप्प बसू नका. मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट जवळ आला असंही नसतं. तोंडाने घ्यायच्या गोळीवर माणसं महिनोन्‌महिने उठून बसतात, जेवतात, बोलतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, मॉर्फिनची मान्यता असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, आणि आपल्या रुग्णालयाने ती अजून का घेतलेली नाही.